नोकरी बदलून डिझाइनमध्ये यायचंय? मग कुठून सुरुवात करावी

नऊ वर्षं मी एका पतसंस्थेत होते. आधी काउंटर, मग कर्ज विभाग, शेवटी हिशेब. चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा कोरल ड्रॉ उघडलं. आज पोट त्यावरच चालतं: अहवाल, पुस्तकं, पापड-मसाल्यांची पाकिटं. त्यामुळे महिन्याला एखादा तरी फोन येतोच, "ताई, मलाही यात यायचंय, कोणतं सॉफ्टवेअर शिकू?"

त्या प्रश्नाचं उत्तर नंतरच्या पायरीवर आहे. पहिली पायरी वेगळीच आहे.

१. आधी काम बघा, मग सॉफ्टवेअर

'डिझाइन' या एका शब्दात निदान चार धंदे आहेत. छपाईचं काम (पत्रिका, पुस्तकं, पाकिटं, फ्लेक्स) करणाऱ्या गावोगावच्या छापखान्यांत कोरल ड्रॉ आणि फोटोशॉप चालतं. जाहिरात संस्था आणि प्रकाशनगृहांत इलस्ट्रेटर, इनडिझाइन. मोबाइल ॲप आणि वेबसाइटच्या पडद्यांसाठी फिग्मा. घरांच्या आतल्या सजावटीचे किंवा यंत्रांच्या सुट्या भागांचे आराखडे काढायचे तर ऑटोकॅड, स्केचअप वगैरे, ती दुनियाच निराळी.

म्हणून एक सुट्टीचा दिवस काढा आणि तुम्हाला जिथं काम मिळू शकेल अशा चार ठिकाणी जाऊन या. पुण्यात असाल तर नारायण पेठ-शनिवार पेठेतले छापखाने, तालुक्याला असाल तर बसस्टँडजवळचं फ्लेक्सचं दुकान. दोनशे व्हिजिटिंग कार्डं छापायला टाका आणि ऑपरेटरच्या मागे उभं राहून बघा, पडद्यावर काय उघडं आहे. कार्डांच्या खर्चात एवढी माहिती कुठल्याच क्लासमध्ये मिळत नाही. मी हे केलं नव्हतं. यूट्यूबवर बघून तीन महिने इलस्ट्रेटर गिरवलं आणि नंतर कळलं, आमच्या गावातल्या दोन्ही प्रेसना कोरलचीच फाईल लागते.

२. जुनी नोकरी लगेच सोडू नका

रोज दीड तास आणि रविवारी चार तास एवढा वेळ काढता आला तर साधारण आठ-दहा महिन्यांत पैसे मागण्याजोगं काम हातून होतं. हा माझा आणि माझ्याबरोबरच्या दोघा-तिघांचा अनुभव, नियम नव्हे. घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे बाजूला पडेपर्यंत राजीनामा लिहू नका. घरी कर्जाचा हप्ता चालू असेल तर नऊ महिन्यांचे धरा. हे कर्ज विभागात बसलेली बाई सांगते आहे.

जुन्या नोकरीचा आणखी एक उपयोग आहे, तो पुढे येईल.

३. यंत्र आणि सॉफ्टवेअर

१६ जीबी रॅम, एसएसडी आणि आयपीएस पॅनेलचा (कुठूनही बघितलं तरी रंग तेच दाखवणारा) मॉनिटर, एवढं असलं की सुरुवात होते. जुना डेस्कटॉप घेऊन त्यात रॅम वाढवली तरी चालेल. मात्र माउस हवाच. लॅपटॉपच्या टचपॅडवर पेन टूल (वळणदार रेघा काढायचं साधन) शिकणं म्हणजे पायाच्या अंगठ्यानं रांगोळी काढणं.

अॅडोबीनं २०१३ पासून फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्या कायमच्या विकणं बंद केलं, महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं भरावं लागतं. शिकताना तो खर्च लगेच करायची गरज नाही. इंकस्केप (आकृत्या, लोगो), गिंप (फोटो), स्क्रायबस (पुस्तक, अहवाल) ही तिन्ही फुकट आणि कायदेशीर. फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं आणि दिसायला फोटोशॉपसारखं आहे, त्यामुळे हात बसायला उत्तम. फिग्माला मोफत खातं मिळतं. एकदा काम मिळायला लागलं की मग कोरल किंवा अॅडोबीचे पैसे भरा.

'क्रॅक' म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर टाकून देणारा माणूस प्रत्येक गावात असतो. त्याच्या वाटेला जाऊ नका. माझ्या ओळखीच्या एकाच्या मशीनमध्ये असल्याच फाईलीबरोबर काहीतरी घुसलं आणि दिवाळीच्या तोंडावर सगळी कामं कुलूपबंद झाली. खंडणी मागणारी इंग्रजी चिठ्ठी पडद्यावर, आणि बाहेर पत्रिका न्यायला आलेला नवरदेवाचा मामा.

४. क्लास लावावा का?

लावा, पण मनात काही ठरवून लावा. शिस्त लागते आणि अडलं की विचारायला माणूस असतो, हे क्लासचे खरे दोन फायदे. दहावी झालेल्यांसाठी आयटीआयमध्ये 'डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. एमकेसीएलच्या केंद्रांमधून डीटीपीचे (डेस्कटॉप पब्लिशिंग, म्हणजे संगणकावर पानं लावणं) छोटे कोर्स चालतात. मुंबईचं सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय किंवा आयआयटी मुंबईचं आयडीसी ही मोठी नावं, पण तिथले पूर्णवेळ अभ्यासक्रम पस्तिशीतल्या संसारी माणसाला झेपणारे नाहीत. मात्र आयआयटी मुंबईच्या पुढाकारानं उभं राहिलेलं 'डी-सोर्स' हे संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे. रंग, अक्षरं, मांडणी यांचे धडे तिथं फुकट वाचता येतात.

खासगी क्लासला पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. शिकवणाऱ्यानं स्वतः छापून आणलेली तीन कामं बघायला मिळतील का? मराठी मजकूर युनिकोडमध्ये शिकवता की जुन्या फाँटमध्ये (यातला फरक पुढे सांगते)? फाईल छापखान्यात पाठवायची कशी, हे अभ्यासक्रमात आहे का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर उठा. "शंभर टक्के नोकरी" अशी पाटी दिसली तर बसूच नका.

५. पहिले तीन महिने: नक्कल

स्वतःचं नवं काही सुचवायच्या फंदात पडू नका. घरातल्या छापील वस्तू गोळा करा: लग्नपत्रिका, औषधाचं खोकं, अगरबत्तीचं पाकीट, वीजबिल. पट्टी घेऊन मिलिमीटरमध्ये मोजा आणि पडद्यावर जशीच्या तशी उभी करा. एक वस्तू पूर्ण व्हायला पहिल्यांदा आठवडा लागेल. लागू द्या.

मी उडीद पापडाचं पाकीट घेतलं होतं. वरवर बघता काय, एक पापड, एक बाई, मोठं नाव. मोजायला बसले तेव्हा पुढे-मागे मिळून बावीस वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या. चौकोनात हिरवा ठिपका (शाकाहाराची खूण, मांसाहारी पदार्थाला आता तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो), अन्न परवान्याचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, घटकपदार्थ, तक्रारीचा पत्ता, बारकोड. बारकोड सोडून यातली एखादी गोष्ट राहिली तर पाकीट दुकानात ठेवता येत नाही, आणि ग्राहकाला हे ठाऊक असेलच असं नाही. ते तुम्हाला ठाऊक असलं की तुम्ही नुसते 'ऑपरेटर' राहत नाही.

६. मराठी अक्षर

इथं जरा थांबा, कारण मराठी माणसाला खरं काम इथंच मिळतं.

जुन्या श्रीलिपी, आयएसएमसारख्या फाँटमधला मजकूर मुळात मराठी नसतोच. आत इंग्रजी अक्षरांच्या जागा असतात, त्यावर मराठी चेहरा चढवलेला. फाँट काढला की "शुभविवाह"च्या जागी इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये 'श' हा कुठंही 'श'च राहतो. छापखान्यांतली वीस-पंचवीस वर्षांची जुनी कामं मात्र जुन्या फाँटमध्येच पडून आहेत, त्यामुळे दोन्ही यावं लागतं. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण रूपांतरानंतर मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो: रफार, जोडाक्षरं आणि 'ऱ्य'.

या 'ऱ्य'नं माझी चांगलीच शोभा केली आहे. एका केटररचं पत्रक होतं. "अनुभवी आचाऱ्यांच्या हातचं जेवण" असं हवं होतं. रूपांतरात झालं "अनुभवी आचार्यांच्या हातचं जेवण". पत्रकं वाटून झाल्यावर एका आजोबांनी केटररला फोन करून विचारलं म्हणे, "कोणत्या मठाचे आचार्य येतात स्वयंपाकाला?" तेव्हापासून प्रत्येक कामात 'र्य' शोधून शोधून बघते. इनस्क्रिप्ट कळफलकावर ही अर्धी रेघ हवी असेल तर शिफ्ट-जे दाबून ऱ, मग डी दाबून हलन्त, मग य. तीन कळा. दर्या आणि दऱ्या, एवढा फरक त्या तीन कळांत आहे.

दुसरी नेहमीची अडचण: इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये मराठी मजकूर चिकटवला की वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. घाबरून फाँट बदलत बसू नका. परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेनूत इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी' आणि इलस्ट्रेटरमध्ये 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' कंपोझर निवडा, सगळं जागेवर येतं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही टाइपच्या सेटिंगमध्ये असाच पर्याय असायचा. हे एवढं ठाऊक नसल्यामुळे मराठी मजकूर जेपीजी करून चिकटवणारे पगारदार डिझायनर मी पाहिले आहेत.

तिसरं: अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह. इंग्रजी शीर्षकाला ते शोभतं, देवनागरीची शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. अंतर हवं असेल तर शब्दांमध्ये द्या, ओळींमध्ये द्या. ओळींना तर इंग्रजीपेक्षा जास्त मोकळीक लागते, कारण वर मात्रा-रफार आणि खाली उकार-ऋकार एकमेकांत गुंततात. बारा पॉइंटच्या मजकुराला मी अठराच्या आसपास ठेवते.

मराठीतला 'ल' आणि 'श' हिंदीच्या धाटणीहून वेगळा असतो. २००९ च्या शासन निर्णयानं मराठी वळण ठरवूनही दिलं आहे. फाँट निवडताना ही दोन अक्षरं आधी टंकून बघा. काही फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की मराठी वळण येतं. सुरुवातीला 'एक टाइप' या मुंबईच्या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू, आणि 'टिरो देवनागरी मराठी' एवढे पुरेत. तिन्ही गूगल फाँट्सवर फुकट आहेत आणि धंद्याच्या कामात वापरायला परवानगी आहे. शंभर फाँट उतरवून ठेवलेला माणूस तासभर फाँटच बघत बसतो.

(चित्रं काढून देणारी एआयची साधनं जरूर वापरून बघा. फक्त त्यांच्याकडून मराठी मजकूर लिहून घेऊ नका. "हार्दिक शुभेच्छा"चं पुष्कळदा जे काही होतं ते कुठल्याच लिपीत बसत नाही.)

७. फाईल तुमच्या हातून गेल्यावर

माझं पहिलं पैशाचं काम होतं एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सगळं मला तोंडपाठ. चार रात्री जागून तीस पानं लावली आणि प्रेसवर घेऊन गेले. प्रेसवाल्या काकांनी पानं मोजली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ताई, यातली दोन पानं कुठं शिवू?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद घेतला, मधोमध दुमडला, पानांना आकडे घातले: १, २, ३, ४. "एक कागद म्हणजे चार पानं. मधे पिन मारायची तर पानं चाराच्या पटीतच हवीत. अठ्ठावीस करा नाहीतर बत्तीस." मग दुसरा कागद आत घातला आणि दाखवलं की पहिल्या पानाच्या शेजारी छापताना आठवं पान येतं. पाच मिनिटांचा तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. (बत्तीस केली. वाढलेल्या दोन पानांवर 'टिपणे' असं लिहून रेघा मारल्या.)

त्याच अहवालात दुसरी चूक छापून झाल्यावर कळली. मजकुराचा काळा रंग मी पडद्याच्या रंगांत, म्हणजे आरजीबीत ठेवला होता. छपाई चार शाईंनी होते: निळसर, गुलाबीसर, पिवळी आणि काळी, म्हणजे सीएमवायके. आरजीबीतला काळा रंग छपाईसाठी बदलला की चारही शाईंत वाटला जातो, फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये साधारण ७५-६८-६७-९०. चार प्लेटा केसभरही सरकल्या की आठ पॉइंटच्या आकड्यांना रंगीत सावली पडते. प्रेसच्या भाषेत "रजिस्ट्रेशन आउट". ठेवींच्या तक्त्यातला ३ हा ८ सारखा दिसायला लागला, आणि पतसंस्थेत ३ चा ८ होणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मजकूर नेहमी फक्त काळ्या शाईत ठेवा: ०-०-०-१००.

तेव्हापासून फाईल पाठवण्याआधी मी कागदावर लिहिलेली यादी बघते:

- कागदाच्या कडेपर्यंत रंग असेल तर चारही बाजूंना ३ मिमी जादा (ब्लीड). साडेतीन बाय दोन इंची कार्ड म्हणजे ८९ × ५१ मिमी. फाईल ९५ × ५७ ची.
- फोटो छपाईच्या मापात ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके). ए-४ भर फोटो म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो यात सहसा बसत नाही, तो 'डॉक्युमेंट' म्हणून परत मागवा.
- अक्षरांचे कर्व्ह (म्हणजे मजकुराच्या आकृत्या, मग प्रेसकडे तो फाँट नसला तरी चालतं) केले का? कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ. कर्व्ह न केलेली मूळ फाईल वेगळी जपा, नाहीतर उद्या एक वेलांटी सुधारायला सगळा मजकूर पुन्हा टंकावा लागेल.
- प्रेसकडे कोरलची कोणती आवृत्ती आहे? नव्या आवृत्तीतली फाईल जुन्यात उघडत नाही. सेव्ह करताना जुनी आवृत्ती निवडता येते. पीडीएफ सोबत द्याच.

फ्लेक्सचं गणित उलटं असतं. दहा बाय वीस फुटांचा फलक ३०० डीपीआयने करायला गेलात तर ३६,००० × ७२,००० पिक्सेल होतात, आणि फोटोशॉपच्या पीएसडी फाईलची मर्यादाच ३०,००० आहे. फलक लांबून बघायचा असतो, ७२ डीपीआयला भागतं.

जमलं तर महिनाभर प्रेसवर फुकट बसा. चहा आणा, कागद मोजा, कटिंगला उभं राहा. कमीपणा वाटतो, ठाऊक आहे. मी ज्या शाळेत कर्जवसुलीला जायचे तिथले शिक्षक एकदा प्रेसवर आले आणि मला गठ्ठे बांधताना बघून काहीच न बोलता निघून गेले.

८. पहिलं काम जुन्या धंद्यात शोधा

तुम्ही कुठून आलात ते लपवू नका. मला पतसंस्थेचं काम मिळालं ते चित्रं छान होती म्हणून नव्हे. ताळेबंदात दोन्ही बाजूंची बेरीज जुळत नसेल तर मी छापण्याआधी फोन करते, म्हणून. औषध कंपनीतून आलेला माणूस डॉक्टरांची पत्रकं इतरांपेक्षा चांगली लावेल. शिक्षिका असाल तर स्वाध्यायपुस्तिका, शेतीच्या दुकानात काम केलं असेल तर बियाण्यांची पाकिटं. त्या धंद्यातले शब्द, चुका आणि माणसं तुम्हाला आधीच ठाऊक आहेत.

नमुन्यांच्या फाईलीत सहा-सात कामं पुरेत, पण त्यांतली निदान दोन खरोखर छापलेली असावीत. कागद हातात देता आला की बोलणं लवकर संपतं.

हंगाम ओळखा. सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, म्हणून अहवालांची झुंबड जुलैपासून. त्यातच गणेश मंडळांची पावतीपुस्तकं आणि दिवाळी अंक. मग कॅलेंडरं, डायऱ्या. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका. मे-जूनमध्ये शाळा आणि क्लासची पत्रकं. राजीनामा द्यायचाच असेल तर जूनमध्ये द्या, जानेवारीत देऊन हात चोळत बसू नका.

९. पैसे, पावती, प्रूफ

दर पानावर किंवा कामावर ठरवा आणि किती वेळा दुरुस्त्या करून देणार ते आधीच सांगा. मी दोन फेऱ्या धरते, तिसरीपासून पैसे. निम्मी रक्कम आधी. ओळखीच्यांकडूनही. ओळखीच्यांकडून तर नक्कीच.

धंद्याची नोंद म्हणून उद्यमची नोंदणी करून घ्या. आधार आणि पॅन असलं की सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, पैसे मागणारी संकेतस्थळं दुसऱ्या कुणाची तरी असतात. फक्त सेवा देत असाल तर वर्षाची उलाढाल वीस लाखांवर जाईपर्यंत साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. तोवर साधी क्रमांक घातलेली पावती द्या, वही ठेवा.

आणि प्रूफ. छापील प्रत काढून ग्राहकासमोर ठेवायची, प्रत्येक पानावर "तपासले" लिहून सही आणि तारीख घ्यायची. व्हॉट्सॲपवरचा अंगठा मी सही म्हणून धरत नाही. तो माणूस गाडी चालवताना दाबतो. सही आल्याशिवाय माझ्याकडून फाईल प्रेसला जात नाही. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीची निमंत्रणपत्रिका मी घरीच केली, तेव्हाही प्रूफ त्यांच्यापुढे ठेवलं होतं. "घरच्या घरी कसली सही?" म्हणाले, पण चष्मा लावून बसले आणि तीन चुका काढल्या. त्यातली एक 'ऱ्य'ची होती.